खाऱ्या वाऱ्यातलं अकॉर्डियन

समजा, घर माहीमचं आहे. मुंबईचं माहीम नव्हे. पालघर स्टेशनावर उतरून पश्चिमेची वाट धरायची, ते केळव्याच्या शेजारचं माहीम. पानवेलीच्या वाड्या, नारळी-पोफळी, आणि वाडी संपली की समुद्र. एके काळी तालुकाही याच गावाच्या नावाने ओळखला जायचा. पालघर मागाहून मोठं झालं. वि. का. राजवाड्यांनी १९२४ साली ‘महिकावतीची बखर’ संपादून छापली, त्यातली महिकावती म्हणजे आमचंच गाव, असं इथले लोक अभिमानाने सांगतात.

अशा एका घरातले आजोबा गेले. वर्षश्राद्ध झालं. पावसाआधी कौलं परतायची म्हणून माळा रिकामा करायला काढला, तेव्हा जुन्या गाद्यांच्या मागून कोपरे झिजलेली एक काळी पेटी खाली आली. आत लाल, शिंपल्यासारखं चमकणारं अकॉर्डियन. नातवाने पट्टा सोडून भाता ओढला तर बकरी ओरडल्यासारखा आवाज आला. आत्या म्हणाली, “अरे, अण्णा हे काढायचे तेव्हा अख्खी आळी अंगणात जमायची.” पुतण्या म्हणाला, “आत्या, इटालियन आहे हे. लाखभर तरी येतील.” धाकटे काका सुपारी कातरत म्हणाले, “भंगारवाला घेतो का विचारा.”

लाख आणि भंगार यांच्या मधे हे प्रकरण आहे. आत्याची आठवण खरी असली तरी गिऱ्हाईक तिचे पैसे देत नाही, आणि पुतण्याने वाचलेल्या नावाचेही फारसे देत नाही. पैसे मिळतात ते आतल्या पोलादी जिभांचे. माहीमच्या वाऱ्याने त्यांचं काय करून ठेवलं आहे, त्यावर बाकीचं सगळं अवलंबून.

घरातली भजनाची पेटी आणि हे अकॉर्डियन ही तशी मावसभावंडं. दोन्हींत सूर निघतो तो एकाच युक्तीने. धातूच्या छोट्या पट्टीला खाच पाडलेली असते आणि तिच्यावर एका टोकाला रिव्हेट मारून पातळ जीभ बसवलेली असते. खाचेतून हवा गेली की जीभ थरथरते. जीभ जेवढी आखूड, तेवढा सूर वरचा. ही युक्ती मूळची पूर्वेकडची. चीनमधलं शेंग हे तोंडाने फुंकायचं वाद्य याच तत्त्वावर शेकडो वर्षं वाजत आलं आहे. युरोपात ती उशिरा रुजली. व्हिएन्नाच्या सिरिल डेमियनने १८२९ साली ‘अकॉर्डियन’ या नावाने पेटंट घेतलं, पॅरिसच्या अलेक्झांद्र दबांने १८४२ मध्ये हार्मोनियमचं. दबांची हार्मोनियम पायांनी भाता मारायची होती. मांडी घालून बसणाऱ्या आपल्या गवयांना सोयीची अशी हाताच्या भात्याची पेटी घडवण्याचं श्रेय कोलकात्याच्या द्वारकानाथ घोषांना दिलं जातं.

इथवर घराणं एक. पुढचा फरक मात्र किनाऱ्यावरच्या माणसाने नीट समजून घ्यावा, कारण किमतीचा अर्धा उलगडा त्यातच आहे. पेटीचे सूर पितळेचे असतात. अकॉर्डियनच्या जिभा पोलादाच्या. शिवाय पेटीत हवा एकाच दिशेने वाहते, म्हणून एका सुराला एक जीभ पुरते. अकॉर्डियनचा भाता ओढतानाही वाजतो आणि दाबतानाही, त्यामुळे प्रत्येक पट्टीवर दोन जिभा असतात, एक या बाजूला, एक त्या बाजूला. खाऱ्या हवेत पितळ कळकतं, हिरवट पडतं, पण बराच काळ तग धरतं. पोलाद गंजतं. जिभेचं टोक कागदासारखं पातळ असतं. त्यावर गंजाचा एक ठिपका बसला तरी सूर ढळतो, दोन बसले की आवाज अडतो. सगळ्यात आधी जातात त्या वरच्या सप्तकातल्या, नखाएवढ्या जिभा. म्हणून गावातल्या भजनी मंडळाची जुनी पेटी अजून हरिपाठाला उभी राहते आणि तिच्याच वयाचं अकॉर्डियन माळ्यावर मुकं होतं. यात अकॉर्डियन हलकं आणि पेटी भारी असं काही नाही. एक समुद्राकाठी नांदण्याजोग्या धातूचं आहे, दुसरं नाही, एवढंच.

पोलादाखेरीज आत आणखी तीन गोष्टी आहेत ज्यांना आपला पावसाळा सोसत नाही. जिभेच्या मागच्या बाजूला कातड्याची किंवा प्लॅस्टिकची बारीक पट्टी असते. ती नको त्या दिशेची हवा अडवते. दमट हवेत कातडं वाकडं होतं, त्याला बुरशी धरते, आणि मग सूर फुसफुसत निघतो. दुसरं मेण. अकॉर्डियनच्या सुरांच्या पट्ट्या बहुधा स्क्रूने बसवत नाहीत, मधमाशीच्या मेणात राळ मिसळून त्या मिश्रणाने लाकडी ठोकळ्यांवर चिकटवतात. हे मेण चाळीस-पन्नास वर्षांत वाळतं, तडकतं, आणि पट्टी सुटून आत खुळखुळायला लागते. (अकॉर्डियन हलवल्यावर खडखडाट झाला तर मुलांचा खेळ आत पडला असेल असं समजू नका, तो बहुधा एखादा कोमल निषादच असतो.) मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं. कौलांखाली तेवढं तापत नाही. पण मे महिन्यात उन्हात लावलेल्या गाडीच्या बंद डिकीत अकॉर्डियन ठेवून जेवायला बसणं म्हणजे आगीशी खेळ आहे. तिसरा भाता. तो पुठ्ठ्याच्या घड्यांचा, कोपऱ्यांना कातडं आणि वर पत्र्याच्या टोप्या. पुठ्ठ्याला ओल लागली की घडी मोडते, कसर लागली की भोकं पडतात.

आता मोजायला बसा. उजव्या हाताच्या पट्ट्या किती आणि डाव्या हाताची बटणं किती, हे दोन आकडे सांगितल्याशिवाय कुणीही जाणकार पुढे बोलणार नाही. ४१ पट्ट्या आणि १२० बटणं म्हणजे पूर्ण आकाराचं वाद्य. ३७ आणि ९६, ३४ आणि ७२, २६ आणि ४८ या त्याखालच्या नेहमीच्या जोड्या. १२० बटणांची रचना २० तिरक्या ओळींत, प्रत्येकी सहा अशी असते: दोन खर्जाचे सूर आणि चार तयार स्वरमेळ. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही बटणं विमानाच्या कॉकपिटसारखी वाटतात, पण वाजवणारा ती न बघता वाजवतो, कारण ती त्याला दिसतच नाहीत.

मोठं म्हणजे महाग, हे मात्र नेहमीच खरं नाही. पूर्ण आकाराचं वाद्य दहा-बारा किलोंचं असतं. साठीच्या वादकाला ते छातीशी धरून दोन तास उभं राहणं जमत नाही. शिकाऊ मुलाला तर नाहीच. म्हणून चांगल्या स्थितीतलं मधल्या आकाराचं वाद्य कधी कधी खराब पूर्ण आकाराच्या वाद्याच्या आधी खपतं.

पट्ट्यांच्या वरच्या जाळीजवळ खटके असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. आपल्याकडच्या पेटीवाल्याला ते लगेच कळतं, कारण त्याच्याकडे खर्ज, नर आणि मादी अशा सुरांच्या ओळी असतातच. अकॉर्डियनवर खर्जाच्या ओळीला बॅसून म्हणतात, मधल्या नराला क्लॅरिनेट, वरच्या मादीला पिकोलो. मधल्या ओळीच्या दोन प्रती किंचित वेगळ्या सुरात लावल्या की त्यांच्या झटापटीतून तो लाटांसारखा हलणारा आवाज येतो, ज्याला लोक पॅरिसचा आवाज म्हणतात. हे हलणं मुद्दाम केलेलं आहे की गंजाने झालं आहे, हे ओळखणं नवख्याला जड जातं. खूण अशी: मुद्दाम केलेलं असेल तर ते खालपासून वरपर्यंत क्रमाने वाढत जातं, गंजाचं असेल तर एका पट्टीवर पिसाळलेलं आणि शेजारच्या पट्टीवर गप्प. आत किती ओळी आहेत आणि खर्जाची ओळ स्वतंत्र लाकडी कोठीत बसवली आहे का, यावर किमतीची पायरी बदलते. त्या कोठीला इटालियन लोक कसोत्तो म्हणतात. तिच्यातून आलेला सूर गोल आणि घुमारेदार असतो. ती असेल तर घाईने विकू नका.

मग नाव. जाळीवर चमकीच्या अक्षरांत जे लिहिलेलं असतं त्यावर पुतण्याचा फार विश्वास. थोडा ठेवावा. जर्मनीतल्या ट्रॉसिंगेन गावात होनर ही कंपनी १८५७ पासून आहे, आधी माउथ ऑर्गनची, मग अकॉर्डियनची. इटलीतल्या कास्तेलफिदार्दो गावात पाओलो सोप्रानीने १८६३ च्या सुमारास कारखाना काढला आणि पुढे गावचं गाव अकॉर्डियनवर जगू लागलं. पूर्व जर्मनीतल्या क्लिंगेनथालहून वेल्टमाइस्टर यायचं, चीनच्या तिआनजिनमधून पॅरट. पण कारखाने दुकानदारांसाठी त्यांच्या नावाची वाद्यंही बनवून देत; म्हणून जाळीवरचं एखादं ऐटदार इटालियन नाव हे नुसतं विकणाऱ्याचं असू शकतं. होनरसारख्या एकाच घरातही शिकाऊ वाद्यापासून मोरिनो आणि गोला या वादकांच्या स्वप्नातल्या नमुन्यांपर्यंत सगळं मिळायचं. नुसतं ‘होनर आहे’ म्हणणं म्हणजे ‘टाटाची गाडी आहे’ म्हणण्यासारखं. ट्रकही टाटाचाच असतो.

वय काढायला देशाचं नाव नावापेक्षा जास्त उपयोगी पडतं. मागच्या बाजूला किंवा आत ‘जीडीआर’ किंवा ‘डीडीआर’ अशी अक्षरं असतील तर वाद्य १९४९ ते १९९० या काळातलं, कारण पूर्व जर्मनी हा देश तेवढीच वर्षं होता. अनुक्रमांक सापडला तर वहीत टिपून ठेवा. विक्रीच्या कागदावर तो लागेल.

आता वाद्याचा दम तपासा. पेटीवाले भात्याचा दम म्हणतात तेच हे. भात्याचे पट्टे सोडा, पट्ट्यांची बाजू वर धरा, कुठलीही पट्टी न दाबता डावी बाजू स्वतःच्या वजनाने खाली लोंबू द्या. ती हळूहळू, कंटाळलेल्या माणसासारखी उतरली तर भाता ठीक. धपकन पडली तर हवा गळते आहे. मग एकेक पट्टी दाबा, प्रत्येक ओढताना आणि दाबताना वेगवेगळी ऐका, कारण त्या दोन निराळ्या जिभा आहेत. हेच प्रत्येक रजिस्टरवर. मोबाइलवर ट्यूनरचं कुठलंही ॲप उघडून ठेवा. मधला ‘ए’ ४४० च्या जवळ आहे का बघा. युरोपातली बरीच वाद्यं ४४२ ला लावलेली असतात, त्यामुळे दोन-तीन आकडे वर दिसले तर घाबरू नका. कुठल्या पट्ट्या मुक्या, कुठल्या बेसूर, कुठल्या उशिरा बोलतात याचा तक्ता करा. आत्याला शेजारी बसवा. तिला ‘ए’ कळणार नाही, पण अण्णांचा सूर कसा होता ते तिच्या कानात आहे.

भाता शरीराला छोट्या खिळ्यांनी बसवलेला असतो. हाताला सवय असेल तर पकडीला फडकं गुंडाळून ते उपटता येतात आणि आतलं दिसतं. प्रत्येक खिळा ज्या भोकातला त्याच भोकात परत गेला पाहिजे, म्हणून पुठ्ठ्यावर नकाशा काढून त्यात खोचून ठेवा. सवय नसेल तर उघडू नका. उघडलंच, तर नुसतं बघा आणि फोटो काढा. तेल घालू नका, गंज उडवायचे फवारे मारू नका, रॉकेलने पुसू नका, पॉलिश पेपर लावू नका. तेलाने धूळ चिकटते, कातडं खराब होतं, आणि जिभेवरचं थोडंसं पोलाद घासलं गेलं तरी सूर बदलतो. तेच तर सूर लावण्याचं तंत्र आहे: टोकाकडे घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. पेटीवालेही हेच करतात. पण गावातला पेटी दुरुस्त करणारा कितीही हुशार असला तरी मेणात बसवलेल्या दुहेरी पोलादी जिभांवर त्याचा हात बसलेला असेलच असं नाही. आधी विचारा.

आता हिशेब मांडू, कारण हा हिशेब न मांडल्यामुळेच घराघरांत रुसवे होतात. ४१ पट्ट्यांच्या आणि उजवीकडे चार ओळी असलेल्या वाद्यात उजव्या बाजूला ४१ गुणिले ४ गुणिले २, म्हणजे ३२८ जिभा. डाव्या बाजूला बारा सूर, पाच ओळी, दोन दिशा, म्हणजे १२०. एकूण ४४८. एका जिभेला सरासरी पाच मिनिटं धरली तर २,२४० मिनिटं, सदतीस तासांहून जास्त. आणि हे फक्त सूर लावण्याचं. मेण काढून पुन्हा ओतायचं असेल, कातडी पट्ट्या बदलायच्या असतील, तर आणखी. एवढ्या तासांची मजुरी देऊन वाद्य सुधारायचं, आणि मग ते विकायचं: चांगल्या, वजनदार नावाच्या वाद्यात हे परवडतं. शिकाऊ दर्जाच्या वाद्यात दुरुस्तीचा खर्च वाद्याच्या सुधारलेल्या किमतीहून पुढे जातो. तेव्हा विकणाऱ्याने दुरुस्ती करू नये. बिघाड मोकळेपणाने लिहून जसं आहे तसं विकावं.

दुकानदार कमी देतो म्हणून चिडायचं नसतं, तेही याच हिशेबामुळे. तो आधी डोक्यात सुधारलेल्या वाद्याची विक्रीची किंमत धरतो, त्यातून दुरुस्ती वजा करतो, गोदामात किती दिवस पडेल ते वजा करतो, आपला नफा वजा करतो, आणि उरतं ते आपल्याला सांगतो. वादकाला थेट विकलं तर यातल्या दोन वजाबाक्या टळतात. मात्र वादक येतो तेव्हा प्रत्येक पट्टी वाजवून बघतो आणि चार दिवस विचार करतो. सोय हवी की पैसे, हे घरात आधी ठरवून ठेवलेलं बरं.

आणि गिऱ्हाईक मुळात इतकं थोडं का? कारण या वाद्याचा सुवर्णकाळ ज्यांनी घडवला त्यांच्यापैकीच एकाने ते बाजूला सारण्याची सुरुवात केली. १९६४ च्या ‘संगम’मध्ये राज कपूर गळ्यात अकॉर्डियन अडकवून गातो तेव्हा ते वाद्य देशभर माहीत होतं. मुंबईच्या स्टुडिओंत गुडी सीरवाई आणि केर्सी लॉर्ड या पारशी वादकांचा दबदबा होता. पुण्याच्या इनॉक डॅनियल्स यांच्या अकॉर्डियनवर वाजवलेल्या हिंदी गाण्यांच्या रेकॉर्डी घराघरांत वाजायच्या. १९६९ च्या ‘आराधना’तल्या ‘रूप तेरा मस्ताना’मधलं अकॉर्डियन केर्सी लॉर्ड यांचं. आणि हिंदी सिनेमात सिंथेसायझर आणणाऱ्यांत ठळक नाव कुणाचं, तर केर्सी लॉर्ड यांचंच. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत विजेवरच्या कीबोर्डने ऑर्केस्ट्रातली अकॉर्डियनची खुर्ची घेतली. त्याला भाता नव्हता, मेण नव्हतं, गंज नव्हता, आणि एका बटणावर व्हायोलिनही वाजायचं. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या अण्णांसारख्या हौशी माणसांनी तेव्हाच आपली पेटी माळ्यावर चढवली. २०१२ च्या ‘बर्फी!’सारखा एखादा सिनेमा आला की तरुण मुलं पुन्हा विचारायला लागतात, पण त्यातली बरीच दोन महिन्यांत गिटारकडे परत जातात.

त्यामुळे आजचं गिऱ्हाईक तीन जातींचं. एक खरा वादक: स्टुडिओतला, चर्चच्या कॉयरमधला, वसईकडच्या बँडमधला, किंवा निवृत्तीनंतर जुनी हौस पुन्हा काढणारा. हाच चांगले पैसे देतो, पण फक्त वाजणाऱ्या वाद्याचे. दुसरा दुकानदार, त्याचा हिशेब वर आलाच. तिसरा शोभेचा: हॉटेलवाला, सिनेमाला जुन्या वस्तू भाड्याने देणारा, घराच्या भिंतीसाठी काहीतरी ‘विंटेज’ शोधणारा. याला गंजलेल्या जिभांशी देणंघेणं नाही. त्याला हवं लाल चमकतं सेल्युलॉइड, शाबूत जाळी आणि चमकणारी अक्षरं. वाद्य दुरुस्तीपलीकडे गेलं असेल तर याच्याकडे जाण्यात कमीपणा नाही. मात्र त्याला सांगून ठेवा की सेल्युलॉइड झटकन पेट घेतं. तिथे दिव्याची माळ सोडू नये.

विकण्याआधी घरात एक गोष्ट मिटवावी लागते, आणि ती जिभांपेक्षा नाजूक असते. अण्णांनी मृत्युपत्र केलेलं नसेल, तर हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे त्यांच्या स्वतःच्या मिळकतीत पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असेल तर आई यांचे वाटे सारखे. मुलगा किंवा मुलगी आधी वारली असेल तर त्या शाखेला मिळून एक वाटा. म्हणजे पेटी ज्याच्या माळ्यावर होती त्याची ती नव्हे. आत्याचा हिस्सा काकांइतकाच आहे, मग ती लग्न होऊन डहाणूला असो की डोंबिवलीला. हेच घर वसईच्या ख्रिस्ती कुटुंबाचं असतं तर भारतीय वारसा कायदा, १९२५ लागू झाला असता आणि विधवेचा एक तृतीयांश काढून उरलेलं मुलांत गेलं असतं. अकॉर्डियनचे तुकडे करता येत नाहीत, तेव्हा एका कागदावर वस्तूचं वर्णन, ठरवलेली कमीत कमी किंमत आणि पैसे कसे वाटायचे ते लिहून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. हा कागद कुठे दाखवायला लागत नाही. पुढच्या गणपतीत सगळे एका पंक्तीला बसावेत म्हणून तो असतो.

कराची भीती बाळगू नका. वारसाने आलेल्या वस्तूवर कर नाही. जुना इस्टेट ड्युटीचा कर १९८५ मध्येच रद्द झाला. घरच्या वापरातलं वाद्य ही वैयक्तिक वापराची वस्तू, दागिने किंवा चित्रं-मूर्तींसारखी नव्हे, म्हणून ते विकल्यावर भांडवली नफ्याचाही प्रश्न येत नाही. मात्र घरातला कुणी परदेशात असेल आणि ‘मला पाठवून द्या, मी तिकडे विकतो’ म्हणत असेल तर एक गोष्ट बघा. शंभर वर्षांहून जुनी, कला किंवा कारागिरीचं महत्त्व असलेली वस्तू १९७२ च्या पुराणवस्तू कायद्याखाली येऊ शकते, आणि पुराणवस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. लाल चमकतं पियानो-पट्ट्यांचं अकॉर्डियन बहुधा एवढं जुनं नसतं. पण शंका असेल तर पुरातत्त्व खात्याकडून ‘ही पुराणवस्तू नाही’ असा दाखला घेता येतो.

जाहिरात लिहिताना सगळ्यात आधी ‘पालघरचं माहीम’ असं लिहा. नाहीतर गिऱ्हाईक माटुंगा रोडच्या पुढच्या स्टेशनावर उतरून दर्ग्यापाशी उभं राहून तुम्हाला फोन करील, आणि तुम्ही पानवाडीत उभे राहून त्याला विचाराल, “समुद्र दिसतो का?” आणि त्याला दिसतही असेल. मग पट्ट्या आणि बटणं, ओळी, रजिस्टर, अनुक्रमांक, देश, भात्याचा दम, मुक्या आणि बेसूर पट्ट्यांचा तक्ता, सगळं लिहा. फोटो उघड्या भात्याचा, पाठीचा, पेटीचा आणि आतल्या जिभांचा. एक व्हिडिओ, ज्यात खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत प्रत्येक सूर दोन्ही दिशांनी वाजतो. गाणं वाजवलेला व्हिडिओ टाकू नका. गाण्यात चांगलेच सूर घेतले जातात आणि जाणकार ते ओळखतो.

आणि ‘क्यूआर कोड स्कॅन करा, तुम्हाला आगाऊ रक्कम येईल’ असं कुणी म्हणालं तर तिथेच फोन ठेवा. यूपीआयवर पैसे यायला पिन लागत नाही. पिन मागितला की पैसे जाणार आहेत. लष्करात आहे, बदली झाली आहे, न बघताच घेतो, असं सांगणारं गिऱ्हाईक तर अकॉर्डियनला कधीच नसतं. खरा वादक बघितल्याशिवाय घेत नाही.

व्यवहार झाला की साध्या कागदावर वर्णन, अनुक्रमांक, किंमत, ‘जसं आहे तसं’ आणि दोघांच्या सह्या. रोख पाच हजारांच्या वर असेल तर पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट. पेटीच्या झाकणातला कप्पा रिकामा करायला विसरू नका. तिथे वादकांच्या वह्या असतात: कुठलं गाणं काळी एकमध्ये, कुठलं पांढरी चारमध्ये, कुठल्या कडव्याला खर्जाचा खटका. ती वही वाद्याबरोबर गेलीच पाहिजे असा काही नियम नाही. आत्याने ती मागितली तर द्या.

मुंबईच्या दुकानात न्यायचं ठरलं, तर धोबीतलावला फुर्टाडोसारखी १८६५ पासूनची वाद्यांची दुकानं आहेत. त्यासाठी मरीन लाइन्सला उतरावं लागतं. सकाळच्या डहाणू लोकलमध्ये पेटी घेऊन चढायचा विचार सोडा, ती गाडी माणसांनाच पुरत नाही. दुपारची गाडी घ्या, पालघरला बसायला जागा मिळते. अकॉर्डियन पेटीतून काढून, खांद्याच्या पट्ट्यांनी पाठीला लावून न्यायची हौस पुतण्याला होणारच. ते पट्टे अण्णांच्या काळचे आहेत, कातडं वाळून तडकलेलं, शिवण सुटलेली. दहा-बारा किलो वजन, विरारची गर्दी आणि पन्नास वर्षांचा पट्टा हे तिन्ही एकत्र आणू नयेत. पेटीत घाला, कड्या नीट लागतात का बघा, वरून सुतळी बांधा, आणि दोघं जा.